उंबऱ्याबाहेरची कुबडी

मी एक कुबडी बोलतेय. लगेच चेहरा पाडू नका. माझं नाव निघालं की लोक आवाज खाली आणतात, जणू मी एखादं दुखणंच आहे. दुखणं मी नव्हे, मंडळी. दुखण्याबरोबर चालायला लागतं म्हणून मी असते, एवढंच.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. बिनगाठीच्या लाकडाच्या दोन पट्ट्या वाफेवर मऊ करून वाकवल्या, मधे मूठ बसवली, वर काखेसाठी गादी ठोकली, खाली पायात करड्या रबराचं टोपण घातलं, की झाली कुबडी. आम्ही जन्मतो मात्र जोडीनं. तिथला सुतार दोघींना शेजारी उभं करायचा, एक डोळा मिटून उंची बघायचा आणि पसंत पडली की एकाच दोरीनं बांधायचा. माझी जुळी बहीण माझ्याहून केसभर उंच होती आणि त्याचा तिला फार तोरा होता.

आमची पहिली मालकीण म्हणजे एका शाळेतल्या खेळाच्या बाई. मुलांना घसरगुंडीवरून “असं नाही रे, असं!” करून दाखवायला गेल्या आणि घोटा मोडून बसल्या. दीड महिना आमच्यावाचून त्यांचं पान हलत नव्हतं. प्लास्टर निघालं त्याच दिवशी आम्हाला रिक्षात घालून इस्पितळाच्या भांडारात पाठवून दिलं. गरज सरो, वैद्य मरो. पण राग नाही हं माझा. माणसानं आम्हाला विसरावं, यासारखी चांगली बातमी आमच्या धंद्यात दुसरी नाही.

भांडारात मात्र वाईट झालं. कुणीतरी माझ्या बहिणीनं छताची जळमटं काढायला गेलं, हात सटकला, ती वरून पडली आणि उभी चिरली. तेव्हापासून मी एकटी.

म्हणूनच, भांडारातल्या परिचारिकेनं मला पुढे केलं तेव्हा तिलाच ओशाळल्यासारखं झालं. “जोडी नाहीये हो. एकच आहे. चालेल?”

समोरचा उंच, हडकुळा माणूस म्हणाला, “चालेल की. मलाही एकाच पायाची भानगड आहे. दुसरा गुणी आहे, सांगितलेलं ऐकतो.”

हे आमचे रंगारी. घरांना रंग देण्यात तीस वर्षं घालवलेले. धंद्यातले लोक त्यांना बिनडाग म्हणायचे, मी आपली मानानं बिनडागराव म्हणते. नाव असं पडलं, की यांनी रंगवलेल्या घरात फरशीवर रंगाचा एक ठिपका सापडायचा नाही. शिडी, बादल्या, चपला, सगळं उंबऱ्याबाहेर. आत जाताना तळपायांना फडकी बांधायची. चुकून थेंब पडलाच तर वाळायच्या आत अंगठ्यानं टिपायचा. “रंग भिंतीला द्यायचा असतो, घरातल्या बाईला ताप द्यायचा नसतो,” असं ते नव्या कारागिरांना सांगत.

अशा माणसाच्या पायाखालची परांची निसटली. तिसऱ्या मजल्यावरून खाली आले. खुबा मोडला, पाठीतली शीर दुखावली. दोन शस्त्रक्रिया झाल्या, पण उजवा पाय गुडघ्याखाली बधिर तो बधिरच, आणि वर खुब्यापर्यंत सततची कळ. राहायची खोली ठेकेदाराची, कामावरच्या माणसांसाठीची. काम सुटलं तशी खोली सुटली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी लग्न होऊन दूरच्या गावी. तिचा फोन आला की हे म्हणायचे, “मी? मजेत आहे. तू कशी आहेस?” ती म्हणायची, “बाबा, नवा पत्ता द्या ना, येऊन जाते.” की यांना एकदम खोकला यायचा.

पत्ता असता तर दिला असता. आम्ही राहत होतो एका बंद पडलेल्या सिनेमाघराच्या ओट्यावर, तिकीट खिडकी क्रमांक दोनच्या खाली. वर छप्पर होतं, तीन बाजूंनी भिंत होती आणि ती भिंत वीस वर्षांपूर्वी यांनीच रंगवलेली. पहिल्याच दिवशी तिच्यावर हात फिरवून म्हणाले, “बघ, अजून पोपडा नाही आला.” स्वतःला घर नाही आणि कौतुक कशाचं, तर भिंतीचं! रोज सकाळी अंथरुणाची अशी घडी घालायचे की कोपऱ्याला कोपरा जुळलाच पाहिजे. मग बसल्या बसल्या अख्खा ओटा झाडून काढायचे.

ही घडीच एका बाईंच्या डोळ्यात भरली. समोर इस्त्रीचं दुकान होतं. दुकानातल्या बाईंना सगळा रस्ता ताई म्हणायचा. ताईंचा हात इस्त्रीवर आणि तोंड सगळ्या जगावर चालायचं. एक दिवस चहाचे दोन पेले घेऊन त्या रस्ता ओलांडून आल्या.

“भाऊ, अपंगत्वाच्या भत्त्याचा अर्ज केलात का?”

“भत्ता? मी कुठे अपंग आहे?”

“नाही, मी आहे! काखेत काय आहे मग ते, छत्री?”

मला ही बाई त्याच क्षणी आवडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, “पत्ता?”

“बंद सिनेमाघर, तिकीट खिडकी क्रमांक दोन.”

त्यानं निम्मं लिहिलं आणि थांबला. “अहो, खिडकीत कुणी राहतं का?”

“खिडकीत नाही साहेब, खिडकीखाली. खिडकीत तुम्ही बसता.”

मागची सगळी रांग हसली. कारकूनही हसला, भला माणूस होता. पण हसता हसताच त्यानं अर्जावर ‘पत्ता अपूर्ण’ असा शिक्का मारला आणि कागद परत केला. म्हणजे बघा, भत्ता हवा तर पत्ता दाखवा, आणि पत्ता हवा तर आधी भत्ता मिळवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत.

ताईंनी तो कागद वाचला आणि इस्त्री आपटली. “माझ्या दुकानाचा पत्ता घाला. टपाल मी घेईन. आणि ऐका, दुकानामागची खोली रिकामी आहे. मालक माझ्या शब्दावर देईल, पण दरमहा काहीतरी येतं असा कागद त्याला पाहिजे. भत्ता मंजूर झाल्याचं पत्र आलं की खोली तुमची.”

खोली! दार असलेली. कडी असलेली. परत येताना माझ्या मुठीवर बिनडागरावांची बोटं अशी घट्ट होती की मला सगळं कळलं. आणि घाईही होती, कारण त्याच आठवड्यात सिनेमाघराच्या दारावर नोटीस लागली होती. तीन महिन्यांत इमारत पाडणार.

आता माझ्या पायाचं सांगते, ते महत्त्वाचं आहे. माझं मूळचं करडं टोपण केव्हाच झिजून गेलं होतं. कोपऱ्यावरच्या चांभारानं जुन्या टायरचा तुकडा कापून नवं पायताण बसवून दिलं. मजबूत, पण काळंकुट्ट. खडबडीत रस्त्यावर काही वाटत नसे. गुळगुळीत फरशीवर मात्र जिथं टेकावं तिथं अर्धचंद्रासारखा काळा डाग.

सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, पण आमचं बोलावणं महिन्याभरातच आलं. डॉक्टर तपासणार होते. टपालात पत्र चुरगळलं होतं म्हणून ताईंनी ते आधी इस्त्री केलं आणि मग वाचून दाखवलं. त्या दिवशी बिनडागराव दाढी करून, ताईंच्या हातचा कडक शर्ट घालून निघाले. एखादं नवं काम धरायला निघावं तसे.

कचेरीचा दवाखाना तळमजल्यावरच होता. लांब खोली, पांढरीशुभ्र फरशी, आणि एक बाई गुडघे टेकून ती फरशी पुसत मागे मागे सरकत होती. बिनडागरावांनी मला दारातून आत टेकवलं मात्र, उमटला काळा डाग. ते जागच्या जागी थिजले. वाकता येत नव्हतं तरी दाराची चौकट धरून वाकले आणि अंगठ्यानं तो डाग पुसून काढला. मग मागे वळले, मला दाराबाहेरच्या भिंतीला टेकवलं आणि शिपायाला म्हणाले, “जरा लक्ष ठेवा. आतली फरशी ओली आहे.”

तीस वर्षांची सवय. शिडी बाहेर, बादल्या बाहेर, चपला बाहेर. आणि त्या दिवशी मी बाहेर!

मी जीव तोडून ओरडले. पण लाकडाचं ऐकतो कोण?

अर्ध्या उघड्या दारातून मी सगळं बघत होते. भिंत धरून, मग कपाट धरून, मग खुर्च्यांच्या पाठी धरून ते टेबलापर्यंत पोचले. तेवढा वेळ डॉक्टर कागदात बघत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा समोर कडक शर्टातला एक हसरा माणूस उभा.

“कसे आहात?”

“मजेत, साहेब.”

“चालता येतं?”

“येतं की.”

“जिना?”

“सावकाश चढतो.”

“दुखतं?”

“थोडंफार तर सगळ्यांचंच दुखतं.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं यांनी पाय दाखवून केलं. बाहेर आले ते माझ्या शेजारच्या बाकावर कोसळलेच. शर्ट घामानं चिंब. अर्धा तास उठता येईना. तो अर्धा तास मी पाहिला, शिपायानं पाहिला. कागदावर मात्र कुणी लिहिला नाही.

पत्र आलं. ताईंनी वाचलं, “अर्जदार कोणत्याही आधाराशिवाय चालतो. सबब अर्ज नामंजूर.” त्यांनी पत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “कोणत्याही आधाराशिवाय? ही कुठे होती?”

बिनडागराव हळूच म्हणाले, “बाहेर.”

“बाहेर कशाला?”

“फरशी खराब झाली असती.”

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. “अहो, फरशीला कोण भत्ता देणार आहे? तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात, आणि तोसुद्धा दुखऱ्या पायावर!”

“ताई, ती बाई गुडघ्यांवर बसून पुसत होती. तिच्या डोळ्यांदेखत मी डाग पाडत जाऊ?”

ताईंनी आधीच इस्त्री केलेला एक शर्ट घेतला आणि त्यावर पुन्हा इस्त्री फिरवत राहिल्या.

मग फेरतपासणीचा अर्ज. ताई पुराव्याच्या मागे लागल्या. इस्पितळाचे कागद काढले, खुब्याचे काळे फोटो काढून आणले, ठेकेदाराला तीन चिठ्ठ्या पाठवल्या. एकीचंही उत्तर नाही. इकडे सिनेमाघराच्या छपराचे पत्रे उतरवायला माणसं आली. आमच्या डोक्यावरचे त्यांनी शेवटी ठेवले, तेवढी माणुसकी. त्या दिवसांत बिनडागराव फारसं हसले नाहीत. मुलीचा फोन आला तर “मजेत” म्हणायलाही त्यांना थोडा वेळ लागला. मला फार वाईट वाटलं. तो शब्द मला कधीच आवडला नव्हता, पण त्याचा दम गेलेला त्याहून आवडला नाही.

फेरतपासणीच्या दिवशी ताईंनी दुकान बंद ठेवलं आणि स्वतः बरोबर आल्या. वाटेत बजावलं, “कुबडी आत न्यायची. बाहेर ठेवलीत तर तुमचीच इस्त्री करीन.”

तीच खोली. तीच पांढरी फरशी. फरशी पुसणारी तीच बाई नुकतं आवरून दारात हात पुसत उभी होती. बिनडागराव उंबऱ्यावर अडले. मला त्यांच्या काखेतली धडधड जाणवत होती. पुसणाऱ्या बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्या काळ्या पायताणाकडे पाहिलं आणि म्हणाली, “या हो बाबा. फरशी काय, उद्या परत पुसायचीच आहे.”

आम्ही आत गेलो. टक, टक, टक. प्रत्येक टेकण्याला एक काळा डाग. बिनडागराव मान वळवून वळवून मागे बघत होते आणि त्यांचा चेहरा चोरी करताना पकडल्यासारखा झाला होता. या वेळी टेबलामागे डॉक्टरीणबाई होत्या. पांढरे केस, जाड चष्मा. त्यांनी “बसा” म्हणायच्या आतच आमचे महाराज सुरू झाले. “माफ करा हां बाई, एक मिनिट, एवढा एक काढतो.” खिशातून फडकं काढलं, मला सोडलं आणि सगळ्यांत जवळचा डाग पुसायला खाली वाकले.

वाकले आणि खाली बसलेच. उठता येईना. एका हातानं फरशी चाचपतायत, दुसऱ्या हातानं डाग पुसणं मात्र चालूच!

मी शेजारी आडवी पडले होते. त्या क्षणी हात मिळावेत म्हणून मी काय हवं ते दिलं असतं.

ताई धावल्या. डॉक्टरीणबाईही खुर्ची मागे ढकलून आल्या. दोघींनी दोन बाजूंनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं. मग डॉक्टरीणबाईंची नजर फरशीवर गेली. दारापासून खुर्चीपर्यंत काळ्या चंद्रकोरींची रांग लागली होती. त्या दारापर्यंत गेल्या आणि एकेक डाग बघत परत आल्या. दोन डागांमध्ये त्यांचं एक पाऊलही धड मावत नव्हतं.

मग त्यांनी मला उचललं आणि उलटं केलं. चांभार सोडला तर इतक्या वर्षांत माझा पाय कुणी पाहिला नव्हता. माझी मूठ बघतात, गादी बघतात, पण पाय? मी लाजले.

“हे रबर कधी बसवलं?”

“तीन महिने होतील, बाई.”

“टायरचं आहे ना? तीन महिन्यांत एका बाजूनं निम्मं गेलंय. अंगाचा सगळा भार हिच्यावर टाकता तुम्ही.” त्यांनी जुना अहवाल चाळला. “इथं तर लिहिलंय, आधाराशिवाय चालतो. तेव्हा ही कुठे होती?”

बिनडागरावांनी मान खाली घातली. ताईंनी सगळं सांगितलं, अंगठ्यानं पुसलेल्या पहिल्या डागासकट. डॉक्टरीणबाई आधी हसल्या. मग चष्मा काढून पुसत बसल्या. चष्म्यावर काही नव्हतं, मी जवळून पाहिलंय.

“आता मी विचारते त्याचं खरं उत्तर द्यायचं,” त्या म्हणाल्या. “मजेत वगैरे काही नाही. दुखतं का?”

हातातल्या फडक्याची कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी झाली. “दुखतं,” बिनडागराव म्हणाले. “रोज दुखतं.”

एवढंच म्हणाले, पण खांदे केवढे तरी खाली आले. इतके दिवस त्या खांद्यांचं ओझं मीच वाहत होते, म्हणून मला फरक कळला.

डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. बिनडागरावांचा हात पुन्हा फडक्याकडे गेला, तशा त्या वर न बघता म्हणाल्या, “ते डाग राहू द्या. माझं लिहून होईपर्यंत कुणी पुसायचे नाहीत.”

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, “काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीन चिठ्ठ्या पाठवल्या मी त्या ठेकेदाराला!”

मंजुरीचं पत्र आलं ते छप्पर उतरायच्या दोन दिवस आधी. ताईंनी ते आधी वाचलं आणि मग इस्त्री केलं. दोन्ही बाजूंनी.

खोली लहान आहे. एक खिडकी, एक दार, एक कडी. रंग आम्हीच दिला. खालची अर्धी भिंत बिनडागरावांनी स्टुलावर बसून रंगवली, वरची ताईंनी त्यांच्या शिव्या खात. ताईंनी इतका रंग सांडला की फरशी घासायला अख्खा दिवस लागला. सगळं चकचकीत झालं तेव्हा ताई दुकानात गेल्या, आणि बिनडागराव पहिल्यांदा स्वतःच्या घरात शिरायला निघाले. दाराशी आले, मला बाहेरच्या भिंतीला टेकवलं आणि भिंत धरून आत गेले.

दोन पावलांवर थांबले. वळले. माझ्याकडे बघत राहिले.

“तू का गं बाहेर?” म्हणाले. “घर आपलंच आहे.”

परत आले, मला काखेत घेतलं आणि आत टेकवलं. उमटला डाग, उंबऱ्याच्या आत एक वीतभर. त्यांचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला. मी श्वास रोखला. खिशातून निघाला तो फोन.

“हॅलो, मी बाबा. अगं, मजेत बिजेत राहू दे. पाय फार दुखतो माझा. सगळं सांगतो. पण आधी कागद-पेन्सिल घे आणि पत्ता लिहून घे.”

आता मी कोपऱ्यात उभी असते. वय झालंय, मूठ थोडी हलते, पण पायताण नवं आहे, पुन्हा टायरचंच. तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्या दारी कुणी हसत आलं आणि “मजेत” म्हणालं, तर एकदा उठून उंबऱ्याबाहेर डोकावा. आमच्यासारखी कुणी भिंतीला टेकून उभी असेल, तर तिला आत बोलवा.

उद्या मुलगी येणार आहे. सकाळपासून पुसापुशी चालली आहे. पलंगाखालून, कपाटामागून, सगळे डाग निघाले. उंबऱ्याजवळचा तो पहिला तेवढा यांनी तसाच ठेवलाय.